वाचकांचे प्रश्न : प्रात्यक्षिकाचा तास आणि बोअरचं पाणी

बी.एस्सी.ची जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं तासिका तत्त्वावर घेणाऱ्या शिक्षकांच्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजात मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) अवस्था दिसतच नाहीत. शेवटी मुलं पुस्तकातली चित्रं बघून जर्नल भरतात. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा चूक स्लाइड करताना होत नाही, मूळ कापतानाच झालेली असते. दुपारी दोनच्या बॅचला त्याच वेळी मुळं कापून दिली तर विभाजन चालू असलेल्या पेशी फार कमी सापडतात. मुळं आदल्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापा आणि लगेच फिक्स करा, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवा. तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड हे मिश्रण त्याच वेळी ताजं बनवायचं. उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका, कारण ठेवल्यावर दोन्हींची आपसांत रासायनिक क्रिया होऊन एस्टर तयार होतो आणि पेशी नीट फिक्स होत नाहीत. 24 तासांनी मुळं 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की पुढच्या बॅचलाही चालतात. डिसेंबरच्या सकाळी परभणीकडे ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड बाटलीतच गोठलेलं सापडलं तर घाबरू नका, ते 16.6 अंशांखाली गोठतंच. बाटली कोमट पाण्यात उभी करा. ज्योतीजवळ मात्र नेऊ नका.

आता मुळं उगवण्याचं. मध्यम आकाराचा, वाळलेला, कोंब न फुटलेला कांदा घ्या. बुडाची जुनी सुकी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच येतात. लहान बाटलीच्या तोंडावर कांदा असा बसवा की बुड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदलायचं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात मुळं आखूड आणि पिवळट राहतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. मार्चनंतर प्रयोगशाळा तापते आणि कांदा मुळं धरण्याआधीच सडतो. अशा वेळी बाटल्या रुंद परातीत ठेवून त्यांच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठासारखा चांगला गारवा धरतो. तरीही जमलं नाही तर लसणाच्या पाकळ्या लावा. त्यांना मुळं लवकर फुटतात आणि गुणसूत्रंही कांद्याएवढीच, 16, असतात.

मुळं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की कापायची, पण स्लाइडसाठी लागतो तो टोकाचा फक्त एक ते दोन मिलिमीटर. निम्म्या बॅचचा घोळ इथेच होतो. मुलं मूळ उलटं धरतात आणि कापलेल्या बाजूचा तुकडा घेतात. त्या भागातल्या पेशींचं विभाजन कधीच थांबलेलं असतं. रंग दिल्यावर खरं टोक गडद होतं आणि बाकीचं मूळ फिकट राहतं. ही खूण मुलांना आधी दाखवा.

फिक्स केलेलं मूळ 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 60 अंशांवर पाच ते आठ मिनिटं ठेवायचं. 100 मिलि द्रावणाला तीव्र ॲसिड साधारण साडेआठ मिलि लागतं. ते पाण्यात ओतायचं, पाणी त्यात नाही. वेळ कमी पडला तर पेशी एकमेकींना चिकटून राहतात, जास्त झाला तर मूळ विरघळल्यासारखं होतं. मग ॲसिटोकार्माइन हा गुणसूत्रं रंगवणारा रंग. एक ग्रॅम कार्माइन, 45 मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि 55 मिलि डिस्टिल्ड वॉटर मंद उकळून, थंड करून गाळा. हे काम धुरांड्याच्या कपाटात किंवा सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून करा. रंग फिका वाटला तर मूळ लोखंडी सुईने फोडा. लोहाचा अंश मिळाला की कार्माइन गुणसूत्रांना घट्ट धरतं आणि लालसर रंग काळपटाकडे झुकतो. चकचकीत स्टीलच्या सुईने हे साधत नाही, म्हणून जुन्या किंचित गंजलेल्या सुया फेकू नका.

कव्हरस्लिप ठेवल्यावर वर फिल्टर पेपरची घडी, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके ठोके आणि मग अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरासा सरकला तरी पेशी वळकट्या होऊन गोळा होतात. बघताना आधी 10 एक्सवर दाट रंगाचा पट्टा शोधा, मगच 40 एक्स. पूर्वावस्था भरपूर आणि मध्यावस्था मोजक्या दिसतील. हे प्रमाण बरोबरच आहे, मुलांनी तसंच लिहावं. पुस्तकातलं सुबक चित्र उतरवण्यापेक्षा स्वतःच्या स्लाइडवरची एक वाकडीतिकडी पश्चावस्था जर्नलमध्ये आली तर तिला जास्त गुण द्या.

प्रश्न : प्राणिशास्त्राच्या बॅचमध्ये लिशमन रंगाची रक्ताची स्लाइड नेहमी निळीशार होते. रंग जुना झालाय का? (औसा)

रंगाआधी पाणी तपासा. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर तांबड्या पेशी निळसर-करड्या होतात आणि पांढऱ्या पेशींचं केंद्रक काळं ठिक्कर. रंग पातळ करायला आणि धुवायला 6.8 सामूचा बफर हवा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 9.47 ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, दुसऱ्या लिटरमध्ये 9.08 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. दोन्ही समप्रमाणात मिसळली की काम झालं. वाळलेल्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर) रंगाचे आठ-दहा थेंब, दोन मिनिटं थांबा (यात मिथेनॉलने पेशी फिक्स होतात), मग दुप्पट बफर, आठ ते दहा मिनिटं, आणि बफरनेच धुवा. बाटलीला ओली ड्रॉपर लावली असेल तर मात्र रंग खरंच बिघडतो.

बोट टोचण्याबाबत तडजोड नको. प्रत्येकाला नवी लॅन्सेट, वापरलेली जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात. ज्याची इच्छा नाही त्याला तयार स्लाइड द्या, कारण विचारू नका.

प्रश्न : दोन तासांच्या प्रात्यक्षिकासाठी मला आधी दीड तास मांडणी करावी लागते. त्याचं मानधन मिळतं का? (हिंगोली)

मिळत नाही. तासिका तत्त्वावर मोजला जातो तो घेतलेला तास. द्रावणं बनवणं, स्लाइडी तपासणं, जर्नल सर्टिफाय करणं हे हिशेबात येत नाही. हे अन्यायाचंच आहे, कारण मांडणीशिवाय प्रात्यक्षिक होऊच शकत नाही. हा नियम बदलेपर्यंत निदान घेतलेला एकही तास सुटू देऊ नका. तारीख, बॅच, प्रात्यक्षिकाचं नाव, किती ते किती, हजर विद्यार्थी अशी स्वतःची वही ठेवा आणि दर शनिवारी विभागप्रमुखांची सही घ्या. सत्र संपल्यावर बिल करताना कॉलेजच्या नोंदवहीशी मेळ बसला नाही तर हीच वही उपयोगी पडते. नेमणूक आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय पहिला तास घेऊ नका.

वेळ वाचवायचा तर सत्राच्या सुरुवातीलाच प्रात्यक्षिकांची यादी घेऊन बसा आणि टिकणारी द्रावणं एकदम बनवा. प्रत्येक प्रात्यक्षिकाचा एक कागद करा, त्यावर काय किती लागतं आणि आदल्या दिवशी काय करायचं हे लिहून प्रयोगशाळा सहायकाच्या टेबलाजवळ चिकटवा. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 30 तास, दोन तासांचे 15 वर्ग. सुट्ट्या आणि परीक्षा त्यातच येतात, म्हणून बेत 12 प्रात्यक्षिकांचाच आखा.

प्रश्न : लाळेतल्या अमायलेजच्या (स्टार्च तोडणाऱ्या विकराच्या) प्रयोगात 37 अंशांच्या आणि खोलीच्या तापमानाच्या नळीत फरकच येत नाही. (बीड)

एप्रिलमध्ये घेता का? तेव्हा तुमची खोलीच 37 अंशांची असते. बर्फाची, 37 अंशांची आणि आधी उकळून घेतलेल्या लाळेची अशा तीन नळ्या लावा. एक टक्का स्टार्च ताजाच हवा: थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओता आणि चिमूटभर मीठ घाला, क्लोराइडशिवाय हे विकर मंद चालतं. लाळ दहापट पातळ करा, नाहीतर पहिल्याच थेंबाला आयोडीनचा निळा रंग येत नाही आणि मोजायला काही उरत नाही.

प्रश्न : 24 मुलं, सहा सूक्ष्मदर्शक, आणि वीज बेभरवशाची. (किनवट)

आरशाचे जुने सूक्ष्मदर्शक कपाटातून काढा. खिडकीच्या उजेडात ते उत्तम चालतात, फक्त थेट उन्हाकडे आरसा वळवू नका, डोळ्याला इजा होते. कंडेन्सर असेल तर सपाट आरसा, नसेल तर अंतर्वक्र. चौघांचा गट करा. दोघं स्लाइड बनवतील, दोघं आधीच्या गटाची बघतील, आणि 25 मिनिटांनी अदलाबदल.