बेअरिंग बंद झालं, आता कुठली मॉडेलं अडणार?

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे शेतीपंप आणि औद्योगिक पंप बनतात. कारखान्यातलं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. प्रोग्राम जावात, डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. सुमारे ४०,००० पार्ट आहेत आणि ‘हा पार्ट त्या असेंब्लीत इतके नग’ अशा १,८०,००० नोंदी. मध्यंतरी ६२०५ बेअरिंगचा आम्ही वापरतो तो मेक मिळेनासा झाला. मालकांनी विचारलं, कुठकुठल्या मॉडेलमध्ये जातं ते? रिपोर्टला पाऊण मिनिट लागलं, आणि दुसऱ्या एका पार्टचा तर आलाच नाही, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला. सल्लागार म्हणतात ग्राफ डेटाबेस घ्या, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातल्या जोडण्या तशाच साठवणारा. मालकांचा भाचा म्हणतो सगळं रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये टाका, मेमरीत असलं की पळतं. रिपोर्टचा कोड सोबत जोडतोय. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सल्लागार आणि भाचे, दोघांनाही चहा पाजा आणि महिनाभर थांबायला सांगा. तुमचा अख्खा डेटा मोबाइलमधल्या सात-आठ फोटोंएवढा आहे. हिशेबच करून दाखवते.

६४-बिट जावात, हीप (प्रोग्रामच्या डेटाची मेमरी) ३२ जीबीच्या आत असेल तर, प्रत्येक ऑब्जेक्टला (मेमरीतल्या एकेका नोंदीला) १२ बाइटचं हेडर लागतं. तुमच्या एका जोडणीचा ऑब्जेक्ट केला तर त्यात ‘कशात’ आणि ‘काय’ असे दोन रेफरन्स (दुसऱ्या ऑब्जेक्टचे पत्ते), प्रत्येकी ४ बाइट. नगांसाठी ८ बाइटचा डबल (दशांश आकडा) घ्या, कारण ग्रीस ०.३५ किलो लागतं, तिथे पूर्णांक चालत नाही. झाले २८, जावा ८ च्या पटीत जागा देतं, म्हणून ३२. ही जोडणी वरच्या पार्टच्या यादीत एकदा आणि खालच्या पार्टच्या यादीत एकदा टाकायची, त्याचे आणखी ८. एका जोडणीचे ४० बाइट, १,८०,००० जोडण्यांचे ७२ लाख. पार्टचा नंबर, वर्णन, ड्रॉइंगची रिव्हिजन यांना सढळ हाताने पार्टमागे ५०० बाइट दिले तर ते २ कोटी. सगळं मिळून ३० एमबीच्या आत बसतं. तुमच्या सर्व्हरवरचा ब्राउझर याहून जास्त खातो. (सर्व्हरवर ब्राउझर उघडा ठेवता ना? कोड बघून वाटलंच.)

मग पाऊण मिनिट जातं कुठे? रिपोर्ट काढणारी तुमची मेथड स्वतःलाच बोलावते आणि दर पार्टाला पोस्टग्रेसकडे वेगळी क्वेरी पाठवते. रॅममधली एक उडी साधारण १०० नॅनोसेकंदांची. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मशीनपर्यंत जाऊन यायचं तर अर्धा मिलिसेकंद धरा. पाच हजार पटींचा फरक आहे, आणि क्वेरी चालायचा वेळ त्यात धरलेलाच नाही. भाचेसाहेबांचं ‘मेमरीत असलं की पळतं’ इथेच अडतं. रेडिस डेटा मेमरीत ठेवतं हे खरं, पण ती मेमरी दुसऱ्या प्रोग्रामची, बहुधा दुसऱ्या मशीनवरची. एकेक पार्ट एकेका ‘की’खाली (नावाखाली) ठेवून पायरी-पायरीने वर चढलात तर दर पायरीला ती फेरी आलीच. ग्राफसाठी रेडिसचं रेडिसग्राफ नावाचं मॉड्यूल होतं, पण ते बंद करत असल्याचं कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलं. फाल्कोरडीबी या नावाने ते काम पुढे चालू आहे. असो, तुम्हाला दोन्हींची गरज नाही.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. ‘इथे मी येऊन गेलोय’ हे तुमचा कोड लक्षातच ठेवत नाही. एकच शाफ्ट असेंब्ली वीस सब-असेंब्लींतून वर जात असेल, तर त्यापुढचा सगळा डोंगर वीसदा चढला जातो. आणि जो रिपोर्ट आलाच नाही, तिथे माझी पैज आहे की डेटात चक्र सापडेल. बहुतेक एखादं रिपेअर किट : किटमध्ये सील सेट, सील सेटमध्ये कुणीतरी चुकून तेच किट. कोड गोल गोल फिरत बसतो आणि शेवटी स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कामांची मेमरी) भरतो. शोधा, सापडेल. आणि नवी जोडणी सेव्ह करतानाच तपासत चला : खालच्या पार्टपासून खाली उतरत वरचा पार्ट लागतोय का? लागला तर नोंद घ्यायचीच नाही.

आता मांडणी. प्रोग्राम सुरू होताना दोन्ही टेबलं एकदाच वाचा. पार्टनंबरावरून पार्टचा ऑब्जेक्ट देणारा एक हॅशमॅप ठेवा आणि ऑब्जेक्ट फक्त त्याच्यातूनच घ्या, म्हणजे ६२०५ चा ऑब्जेक्ट मेमरीत एकच राहतो. दोन झाले की एकाला नवी रिव्हिजन, दुसऱ्याला जुनी, आणि त्यानंतर होणारे घोळ शोधायला दिवाळीची सुट्टी जाते. प्रत्येक पार्टला दोन याद्या द्या : मी कशात जातो आणि माझ्यात काय काय आहे. जोडणी स्वतंत्र ऑब्जेक्टच ठेवा, कारण नग आणि ‘कधीपासून लागू’ ही माहिती ना वरच्या पार्टची असते ना खालच्या. ती त्या जोडणीची असते.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर मग सोपं आहे. ६२०५ पासून वरची यादी धरून एक रांग चालवा, बघून झालेले पार्ट एका सेटमध्ये टाकत जा, सेटमधला पार्ट पुन्हा आला तर सोडून द्या. ज्याच्या वर काहीच नाही तो विक्रीचा पंप. सगळेच्या सगळे ४०,००० पार्ट पालथे घातले तरी डोळ्यांचं पातं लवायच्या आत होईल.

पण मालक पुढचा प्रश्न विचारणारच : एका पंपाला ही बेअरिंगं लागतात किती? इथे तोच सेट वापरलात तर आकडा चुकेल, आणि असा चुकेल की खरेदी खात्याला माल आल्यावरच कळेल. समजा पंपात दोन गिअरबॉक्स, प्रत्येकात चार बेअरिंगं, शिवाय मोटरमध्ये दोन. वाटेवर गुणाकार आणि वाटांची बेरीज : दोन गुणिले चार, अधिक दोन, दहा. ‘बेअरिंग बघून झालं’ म्हणून मोटरची वाट सोडली की राहिली आठ. म्हणून नगांसाठी पार्ट आधी क्रमाने लावायचे, असेंब्ली आधी आणि तिच्यातले पार्ट नंतर, म्हणजे टोपॉलॉजिकल क्रम. त्या क्रमाने जाताना प्रत्येक पार्टाशी पोचेपर्यंत त्याची बेरीज पूर्ण झालेली असते, म्हणून तो एकदाच हाताळावा लागतो. चक्र असेल तर हा क्रम लागतच नाही. ते पकडायचा हाही एक मार्ग.

डेटा बदलला की? मेमरीतल्या ग्राफमध्ये, म्हणजे पार्ट आणि जोडण्यांच्या या जाळ्यात, डागडुजी करू नका. प्रोग्रामचा दुसरा धागा (थ्रेड) वाचत असताना यादी बदलली तर जावा एक्सेप्शन देईल, किंवा देणार नाही आणि अर्धवट उत्तर देईल. ३० एमबी आहे. पूर्ण नवा ग्राफ बांधा आणि तयार झाल्यावर एका व्होलाटाइल (बदल सगळ्या धाग्यांना दिसणाऱ्या) रेफरन्समध्ये जुन्याच्या जागी ठेवा. बदल झाल्याची खबर पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय देतं. खरी नोंद पोस्टग्रेसमध्येच, मेमरीत फक्त तिची वाचायची प्रत.

हे सगळं बसवेपर्यंत निभवायचं असेल तर आजच ‘विथ रिकर्सिव्ह’ लिहा, म्हणजे स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी. पोस्टग्रेसमध्ये ते २००९ च्या ८.४ पासून आहे. ‘कुठे जातं’साठी युनियन, नगांसाठी युनियन ऑल. युनियन ऑल दुहेरी ओळी ठेवतं, युनियन त्या गाळतं, त्यामुळे युनियनमध्ये फक्त पार्टनंबर घेऊन चढलात तर चक्रातही थांबतं. मात्र सोबत पायरीचा आकडा घेतलात की प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि चक्र पुन्हा सुरू. आवृत्ती १४ पासून यासाठी खास सायकल हे कलम आहे.

ग्राफ डेटाबेसला माझा विरोध नाही. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये प्रत्येक नोडपाशीच (इथे पार्टपाशी) त्याच्या जोडण्यांचा पत्ता असतो, त्यामुळे दर उडीला इंडेक्स चाळावा लागत नाही. सायफर या त्याच्या क्वेरीच्या भाषेत तुमचा प्रश्न (मॉडेल)-[:वापरतं*]->(बेअरिंग) असा जवळजवळ चित्र काढून विचारता येतो. पण तुमच्याकडे नात्याचा प्रकार एकच आहे आणि प्रश्न दोन. उद्या पुरवठादार, बॅच, ग्राहकाच्या तक्रारी, वॉरंटी हे सगळं एकमेकांत गुंतलं आणि क्वालिटीवाले रोज नवा प्रश्न घेऊन यायला लागले, तर सल्लागारांना परत बोलवा. तेव्हा त्यांना हेही विचारा की चालू डेटाबेसचा बॅकअप फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत घेता येतो का. येत नाही, तो एंटरप्राइजमध्ये आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये आम्ही सगळे ऑब्जेक्ट मेमरीतच ठेवतोय, डेटाबेसच नाही. गाइड विचारतात, लाइट गेली तर?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : गाइडचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आहे तुझ्याकडे. ऑब्जेक्ट नको, आज्ञा लिहून ठेव. ‘अमुक खात्यात ५०० जमा’ ही आज्ञा आधी फाइलच्या शेवटी लिहायची, मगच ती मेमरीत चालवायची. अधूनमधून सगळ्या ऑब्जेक्टांचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्यायचा. लाइट आली की शेवटचा स्नॅपशॉट उघडून त्यानंतरच्या आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा चालवायच्या. जावातलं प्रीव्हेलर हे तयार साधन नेमकं एवढंच करतं. त्याचा कोड छोटा आहे, वाचून काढ.

दोन गोष्टी सांभाळ. आज्ञा पुन्हा चालवली तर तेच उत्तर आलं पाहिजे. आज्ञेच्या आत घड्याळ बघायचं नाही, रँडम आकडा काढायचा नाही. वेळ हवी तर ती आज्ञेबरोबरच लिहून ठेवायची. आणि फाइलमध्ये लिहिलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत असतं, एफसिंक बोलावल्यावर खाली उतरतं. रेडिसची लॉग-फाइल चालू केली तर ती मूळ सेटिंगप्रमाणे सेकंदातून एकदा एफसिंक करते, म्हणजे साधारण शेवटचं सेकंद गेलं तर गेलं. एफसिंकने एरर दिली तर पुन्हा बोलावून ‘झालं’ समजू नकोस. लिनक्सवर दुसऱ्या वेळी ते खुशाल यश कळवू शकतं, डेटा गेलेला असला तरी. २०१८ मध्ये हे उघड झाल्यावर पोस्टग्रेसने धोरणच बदललं : एफसिंक फसलं की सर्व्हर पाडायचा आणि लॉगमधून पुन्हा उभा करायचा.

प्रश्न : ग्राफच्या क्वेरी-भाषांपैकी सायफर शिकू, ग्रेमलिन शिकू की आणखी काही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एसक्यूएलमधली रिकर्सिव्ह क्वेरी (वरची ‘विथ रिकर्सिव्ह’) येत नसेल तर आधी ती. मग सायफर, कारण एप्रिल २०२४ मध्ये आलेलं जीक्यूएल हे आयएसओ मानक बरंचसं त्याच्याच वळणाचं आहे, आणि २०२३ च्या एसक्यूएल मानकातही ग्राफचे नमुने शोधायचा नवा भाग आलाय. ग्रेमलिनचा बाज निराळा, पायरीमागून पायरी सांगायचा. हात बसवायला, ग्रेमलिन ज्यात येते त्या टिंकरपॉपमधला टिंकरग्राफ घ्या. तो पूर्ण मेमरीत चालतो, वेगळा सर्व्हर लावायला लागत नाही.