भेगांतून मुरलेलं डिझेल

प्रश्न : महामार्गावर टँकर उलटला, डिझेल नाल्यातून आमच्या कपाशीच्या रानात आलं. शेजारच्या तिघांचंही रान भिजलं. टँकरवाले वर चांगली माती टाकून देतो म्हणतात. घ्यावी का? – एक शेतकरी, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, मुळीच घेऊ नका! आपली काळी जमीन उन्हात भेगाळते. डिझेल त्यातून खोल गेलेलं असणार. वरून माती लोटली की हवा तुटते आणि तेल खाणारे जिवाणू मंदावतात. नायजेरियातल्या ओगोनीलँड भागात तेलगळतीनंतर वरवरच सफाई झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या अहवालात तिथे ५ मीटर खोलीवरही तेल आढळलं, विहिरीत बेंझिन, म्हणजे तेलातलं कॅन्सर करणारं रसायन, निघालं.

म्हणून आधी विहीर. पाणी तपासून येईपर्यंत माणसांना, गुरांना पाजू नका, वास येत नसला तरी. चौघांनी मिळून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, एकट्याचं कोणी ऐकत नाही. मातीचे नमुने वरून आणि खालून वेगवेगळे घ्या. जास्त भिजलेली माती उकरून प्लास्टिकवर पसरा, कुजलेलं शेणखत, थोडा युरिया मिसळा, ओल राखा, वरचेवर पलटा. ती नाल्यात मात्र टाकू नका, खालच्या गावाचं पाणी तिथूनच जातं. तपासणीत तेलाचं प्रमाण कमी झाल्याचं दिसेपर्यंत त्या पट्ट्यात भाजीपाला नको.