वाचकांचे प्रश्न : आजोबांची बदललेली लष्करी रायफल

प्रश्न : आमच्या घरात आजोबांची परवान्यावरील .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास) रायफल आहे. दस्त्याच्या सांध्यावरील पोलादी भागावर मुकुट, ‘जी. आर. आय.’ (राजा-सम्राट जॉर्ज यांची लॅटिन आद्याक्षरे), ‘इशापूर’ आणि १९४२ असे कोरलेले आहे. मात्र पुढचे लाकूड निम्म्यावर कापलेले असून संगीन अडकवण्याची जागाच उरलेली नाही. नुकतेच वडील वारले. आता ही रायफल माझ्या नावावर करून, तिला .३०३ची नळी बसवून मूळ लष्करी रूप देता येईल का? लाकडाला नवे पॉलिश करावे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : नळी बदलण्याचा विचार आपण सोडून द्यावा, आणि पॉलिशचाही. पण आधी कागदपत्रांचे पाहा. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र तसेच घरात ठेवणे बेकायदा ठरते. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम २१नुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि शस्त्र नियम, २०१६मधील वारसांच्या तरतुदीखाली जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यातच मोजले जाते.

.३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. लष्कराची काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत, या हेतूने ब्रिटिश अमलात तो सामान्यांना बंद होता, आणि म्हणूनच ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच धाटणीवर .३१५, म्हणजे आपल्याकडे ‘आठ एमएम’ म्हणतात त्या बोअरच्या शिकारी रायफली तयार झाल्या. पुढे बंगालमधील इशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानेही त्या बनवल्या. परवान्याशिवाय शस्त्राचे रूपांतर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला, तरी माझे मत बदलणार नाही. ब्रिटन-अमेरिकेतील संग्राहक अशा कापलेल्या रायफलींना जुने लाकूड व पुढची टोपी (लाकडाच्या टोकावर बसणारा धातूचा भाग) मिळवून पूर्वरूप देतात, पण त्यातले जाणकार आधी नळी मोजतात. या लष्करी रायफलीची नळी २५.२ इंचांची असते. ती आखूड केलेली असेल, तर टोपी आणि नेम धरण्याची पुढची साइट जागेवर बसतच नाहीत आणि ते काम तिथेच सोडून दिले जाते. आपली नळी तर मुळात लष्करी नाही. तिच्यावर लष्करी लाकूड चढवले, तर इशापूरहून १९४२ साली निघालेली रायफल परत मिळणार नाही. जी कधीच अस्तित्वात नव्हती अशी वस्तू तयार होईल, आणि आजोबांच्या काळातील खरी वस्तू मात्र हातची जाईल. दाजीपूरचे जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखीव होते, हे आपण जाणताच. १९७२च्या वन्यजीव कायद्याआधीच्या त्या काळाची खूण म्हणून शिकारीसाठी कापलेले हे लाकूडही जपण्याच्याच योग्यतेचे आहे.

परवाना झाल्यावर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, ती उजेडात नीट वाचावी. बोल्टच्या (गोळी भरताना मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याच्या) मुठीमागचा क्रमांक आणि रिसीव्हरवरचा (नळी ज्यात बसते त्या मुख्य पोलादी भागावरचा) क्रमांक जुळतात का, हे प्रथम पाहावे. जुळत नसतील, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे आणि तपासणीशिवाय एकही गोळी झाडू नये. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू दिसला, तर तो लाकूड चिरू नये म्हणून इशापूरने केलेला मजबुतीचा उपाय आहे. तो काढून भोक बुजवू नये. कापलेल्या टोकावर कानशीचे ओरखडे असतील, तर तेही तसेच राहू द्यावेत. घासकागद एकदा फिरला की लाकडावरचे शिक्के कायमचे पुसले जातात आणि व्हार्निशने ते परत येत नाहीत. सुती फडक्याने जवसाचे उकळलेले तेल अगदी पातळ लावून, मुरू देऊन, उरलेले पुसून काढावे, एवढे पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडी म्यान ओल धरते आणि त्यातच पोलाद गंजते, म्हणून रायफल म्यानात न ठेवता, धातूवर हलके तेल लावून कुलूपबंद कपाटात ठेवावी. नळीची तपासणी आणि दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावी.

प्रश्न : ‘निकामी’ म्हणून जुन्या सामानात मिळणारी लष्करी रायफल विनापरवाना घेऊन दुरुस्त केली, तर चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. कलम ४५मधील सूट पुराणवस्तू ठरणाऱ्या किंवा मोडक्या शस्त्रांना आहे खरी, पण दुरुस्ती करूनही जे चालू शकणार नाही, अशाच शस्त्राला ती लागू होते. आपण ते दुरुस्त करू शकणार असाल, तर ते त्या सुटीत बसत नाही. खरेदीआधी परवाना आणि विक्रेत्याचे कागद, दोन्ही पाहावेत.