शुक्रवारची वही

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. भाच्याला ग्राउंडवर सोडायला गेलास, तिथल्या लिटल लीगला, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगला, टीम सांभाळणारे मॅनेजर कमी पडत होते, कोणीतरी विचारलं आणि तू हो म्हणालास. आता नऊ-दहा वर्षांची बारा मुलं, हेल्मेटं भरलेल्या दोन बॅगा आणि एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंतचे सगळे शनिवार तुझ्या गळ्यात पडले आहेत. "काका, मी सांगलीचा क्रिकेटवाला, मला बेसबॉलमधलं काय कळतं?" असं तू दोनदा म्हणालास. म्हणून सविस्तर लिहितो.

पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा माणूस आपल्या भाच्यांबरोबर घराजवळ बॉल खेळायचा. त्यातून 1939 साली तीन संघांची लिटल लीग उभी राहिली. आज दर ऑगस्टला तिची वर्ल्ड सिरीज तिथेच, साउथ विल्यम्सपोर्टला होते आणि टीव्हीवर दिसते. पण सुरुवात भाच्यांपासूनच झाली. तूही भाच्यामुळे आलास, तेव्हा चुकीच्या दाराने आलास असं मनात आणू नकोस.

तुझ्या क्रिकेटचा उपयोग होणार आहे, आणि अडचणही. तुझ्या टीममध्ये तीन-चार आपली मुलं असणारच, घरी बाबांबरोबर टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलेली. त्यांची नजर छान असते, पण बॉल बॅटला लागला की ती थांबून बघतात, समोरून 'हो' किंवा 'नाही' ऐकू येईल म्हणून. इथे विचारायचं कोणाला? बॉल फेअर, म्हणजे समोरच्या दोन रेषांच्या आत, गेला की धावायचंच. दुसरं म्हणजे ती बॅट घेऊन धावतात, कारण क्रीझमध्ये बॅट टेकवायची सवय. बॅट तिथेच खाली टाकायला शिकव. टाकायला, भिरकवायला नाही. मागे कॅचर (आपला विकेटकीपर) आणि अंपायर उभे असतात. हे पहिल्या प्रॅक्टिसला वीस-पंचवीस वेळा करून घे. आणि पहिल्या बेसवर (धावून गाठायच्या पहिल्या गादीवर) पोचताना वेग कमी करायचा नाही, बेसवर पाय देऊन सरळ पुढे पळत जायचं. तिथे ओलांडून गेलं तरी चालतं. मी शाळेत खो-खो खेळायचो. खुंटाकडे झेपावताना अंग कसं राखायचं नाही, तेच या मुलांना सांगतो.

बॉलच्या भीतीबद्दल मात्र घाई करू नकोस. बेसबॉल साधारण 145 ग्रॅमचा, आपल्या सीझन बॉलपेक्षा जरा हलका, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या बरगडीला तो फरक कळत नाही. माझ्याकडे एक मुलगा होता. बॉल येताना तो ग्लव्ह पुढे करायचा, पण मान उजवीकडे फिरवून डोळे घट्ट मिटून घ्यायचा. 'डोळे उघड' हे मी पन्नास वेळा म्हटलं असेन, काही उपयोग झाला नाही. मग त्याचा ग्लव्ह काढून ठेवला आणि टेनिस बॉल हाताखालून टाकायला लागलो, तीन पावलांवरून. बॉलवर स्केचपेनने एक आकडा लिहायचा आणि पकडायच्या आधी त्याने तो मोठ्याने वाचायचा. चौथ्या दिवशी तो "सात!" असं ओरडला आणि बॉल त्याच्या दोन्ही हातांत होता. त्यानंतर मी एकेक पाऊल मागे सरकलो, मग ग्लव्ह, मग खरा बॉल. तीन आठवडे गेले. बॅटिंगला अंगावर येणाऱ्या बॉलपासून वळायचं कसं तेही आधी टेनिस बॉलनेच शिकव: खांदा आत घ्यायचा, पाठ द्यायची, हनुवटी छातीला. क्रिकेटवाली मुलं उलट वळून छाती पुढे करतात.

या खेळात मला मुलांसाठी सगळ्यात जास्त काय आवडतं माहीत आहे? आउट झालेलं मूल अर्ध्या तासात परत बॅटिंगला येतं. आपल्याकडे दहा वर्षांचा पोरगा पहिल्याच बॉलवर आउट झाला की उरलेला दिवस झाडाखाली बसून काढतो. मी काढला आहे. इथे 1941 साली टेड विल्यम्स नावाच्या खेळाडूने .406 ची सरासरी राखली, म्हणजे दहापैकी चारेक वेळा बॉल मारून बेस गाठला (त्याला हिट म्हणतात), म्हणून आजही त्याचं नाव घेतात, आणि दहापैकी जवळपास सहा वेळा तोही हिट न मिळवता परतलेला. हे आकडे मुलांना सांग. त्यांना आकडे आवडतात.

आता मुख्य गोष्ट. एक वही घे. साधी, दोनशे पानी. शनिवारी मॅच असेल तर शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर ती घेऊन बस आणि दुसऱ्या दिवशीच्या सहाही इनिंगची जागा-वाटणी लिहून काढ. कोण कुठे उभा राहणार, कोण बाकावर बसणार, कोण किती बॉल टाकणार. मैदानात पाचव्या इनिंगला एक रनची आघाडी असते, पालक जाळीला चिकटून उभे असतात, तुझे कान गरम झालेले असतात. त्या वेळी न्याय सुचत नाही. तो आदल्या रात्रीच करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला चिकटून राहायचं.

हिशेब सोपा आहे. मैदानात नऊ, बाकावर तीन. सहा इनिंग म्हणजे बाकावरच्या अठरा जागा. बारा मुलांत वाटल्या तर सहा मुलं एकेकदा बसतील, सहा दोनदोनदा. पुढच्या शनिवारी उलट. तिसऱ्यांदा कोणीही बसायचं नाही, तुझा भाचाही नाही आणि सगळ्यात कच्चा मुलगाही नाही. नियमाने प्रत्येक मुलाला किमान सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे. माझ्या दुसऱ्या सीझनला मी एका मुलाला बरोबर तेवढंच देत होतो. राइट फील्ड (उजवीकडची लांबची जागा), दोन इनिंग, मग बाक. नियम पाळतोय म्हणून माझं मन स्वच्छ होतं. एकदा मॅच संपल्यावर मी बेस उचलत होतो, तो जवळ येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कोच, माझे सहा आउट झाले का?" नऊ वर्षांच्या मुलाला तो आकडा पाठ झाला होता. त्याच रात्री मी वही घेतली. पण तो पुढच्या वर्षी खेळायला आला नाही, आणि ती खंत अजून आहे.

वहीतला दुसरा हिशेब हाताचा. हा चुकवलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, इतकं हे मनापासून लिहितोय. नऊ-दहा वर्षांच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, एका दिवसात जास्तीत जास्त 75 बॉल. अकरा-बारा वर्षांच्याला 85. वीसपर्यंत टाकले तर सक्तीची विश्रांती नाही, 21 ते 35 टाकले तर एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, आणि 66 किंवा जास्त झाले तर चार दिवस. शनिवारी 70 टाकलेला मुलगा गुरुवारच्या आधी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) चढणार नाही. आणि 41 किंवा जास्त बॉल टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतच असतो. मोजायला डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकापाशी, एका पालकाला क्लिकर देऊन बसव, आणि दर इनिंगनंतर समोरच्या टीमशी आकडा पडताळून बघ.

एवढं सगळं पाळूनही माझ्या हातून चूक झाली. आमचा सगळ्यात चांगला पिचर, दहा वर्षांचा. मेमधली मॅच, चौथी इनिंग, साठच्या आत बॉल, सगळं नियमात. तो डगआउटमध्ये आला आणि त्याने पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली. मी ते पाहिलं. तो उजवा आहे हे मला माहीत होतं. तरी मी "शाबास रे वाघा" म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, कोपर सरळ होत नव्हतं. मग कळलं की त्याच आठवड्यात तो एका ट्रॅव्हल टीमसाठीही (बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या संघासाठी) पिचिंग करत होता. मी कधी विचारलंच नव्हतं. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला जिथून हाड वाढतं तो भाग अजून कूर्चेचा, मऊ असतो. स्नायूंनी सारखा ओढला की तोच आधी दुखावतो. डॉक्टरांनी सहा आठवडे बॉल फेकायचा नाही म्हणून सांगितलं. त्याचा सीझन तिथेच संपला. तेव्हापासून दर शुक्रवारी वही उघडायच्या आधी मी पिचर मुलांच्या घरी एक मेसेज टाकतो: या आठवड्यात आणखी कुठे बॉल टाकला का, हात दुखतोय का. आणि मुलं पाणी पिताना मी बघत असतो. दुखतंय असं ती तोंडाने सांगत नाहीत, विशेषतः तू त्यांना वाघ म्हणायला लागलास की. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा) शिकवायला कोणी बाबा आग्रह करतील. नम्रपणे नाही म्हण. सरळ बॉल, आणि जरा हळू येणारा चेंज-अप, या वयाला पुष्कळ झालं.

तुझ्या यादीत दोन मुली आहेत म्हणालास. त्यांना सहजच सेकंड बेसच्या मागे उभं करून विसरून जाऊ नकोस. आपल्याच न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये 1972 साली मारिया पेपे नावाच्या मुलीने तीन मॅच पिचिंग केलं आणि तिला थांबवण्यात आलं, कारण लिटल लीगमध्ये मुलींना खेळायची परवानगी नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं, 1974 पासून मुलींना दार उघडलं, पण तोवर तिचं स्वतःचं वय उलटून गेलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 2014 मध्ये, मोने डेव्हिस नावाच्या मुलीने वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करून समोरच्या संघाला एकही रन न देता मॅच जिंकली. माझ्या टीमची आजवरची सर्वांत शांत डोक्याची पिचर मुलगीच होती. दोघींनाही मार्चमध्येच माउंडवर उभं करून बघ.

पालकांची बैठक सीझन सुरू व्हायच्या आधी घे आणि वीस मिनिटांत संपव. वहीची पद्धत सगळ्यांसमोर सांग, म्हणजे 'माझ्याच मुलाला का बसवलं' हा प्रश्न आला की पान उघडून दाखवता येतं. अंपायरशी फक्त तू बोलणार हेही सांग. तुमच्या गटात अंपायर बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो, तोही कोणाचा तरी मुलगाच. एकदा एका बाबांचा आवाज चढला तेव्हा मी टाइम मागून जाळीपाशी गेलो आणि एवढंच म्हणालो, "तो दहावीत आहे." ते खाली बसले. स्नॅकची पाळी लावशील तेव्हा आपल्या मंडळींना वेगळं बजावून सांग: शेंगदाणा नको. आपण चिक्की, भडंग, कूट घातलेलं काहीही प्रेमाने घेऊन येतो, आणि बारा मुलांत एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असतेच असं धरून चाल. कोणाचं इंजेक्शन कोणत्या बॅगेत आहे तेही वहीच्या पहिल्या पानावर लिही. रविवारी मराठी शाळा आणि मॅच एकाच वेळी आल्या तर मुलाला ओढाताणीत टाकू नकोस. शाळेला जाऊ दे, आणि पुढच्या मॅचला त्याला तीच जागा दे.

मे महिना लांब असतो. पाऊस, रद्द झालेल्या मॅच, शाळेचे कार्यक्रम, सलग चार पराभव. विजेचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना गाड्यांत बसव आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं थांब, स्कोअर काहीही असो. एका शनिवारी सकाळी साडेसहाला मी होम प्लेटजवळचं (बॅटिंगच्या जागेजवळचं) तळं स्पंजने पिळून बादलीत भरत होतो. एक बाबा, जे दोन महिने गाडीतून उतरले नव्हते, ते उतरले, डिकीतून फावडं काढलं आणि काही न बोलता कोरडी माती ओढायला लागले. नऊला मॅच झाली. पुढच्या वर्षी ते माझे सहायक कोच होते. तेव्हा मैदान तयार करायला एकटा जाऊ नकोस, आदल्या रात्री ग्रुपवर वेळ टाकत जा.

जूनमध्ये ऑल-स्टारची, म्हणजे लीगमधल्या निवडक मुलांच्या संघाची, निवड येते. तुझ्या टीममधून एक-दोन नावं जातील. ज्यांना आशा होती आणि नाव आलं नाही, त्यांना यादी लागायच्या आधी तू स्वतः सांग, आईबाबांसमोर. हे सोपं जात नाही, मला एकदाही गेलं नाही.

पहिली प्रॅक्टिस शाळेच्या जिममध्ये आहे ना, मार्चच्या पहिल्या शनिवारी? मी येतो. टेनिस बॉलची पिशवी आणि स्केचपेन माझ्याकडे आहेत. माझी जुनी एक वहीही आणतो, रकाने कसे आखायचे ते बघून घे. बॅगेतली हेल्मेटं मात्र आधी घरी नेऊन आतून पुसून ठेव, गेल्या वर्षी त्यात कोळी निघाला होता आणि दोन मुलं दिवसभर हेल्मेट घालायला तयार नव्हती.

तुझा,
काका