आधी पेन्शन, मग पिसांचा चेंडू

एडिंबऱ्याहून एका चौतीस वर्षांच्या वाचकाने विचारलंय: १८४० च्या दशकातला पिसांचा गोल्फ चेंडू लिलावात येतोय, ४,००० पौंडांची बोली लावू का? डीलर म्हणतो, दहा वर्षांत तिप्पट होईल.

भुरळ पडावी अशीच ती वस्तू आहे. कातड्याच्या शिवलेल्या खोळीत ओली पिसं ठासून भरायची; वाळताना कातडं आवळायचं, पिसं फुगायची आणि चेंडू दगडासारखा टणक व्हायचा. कसलेला कारागीरही दिवसाला तीन-चारच करायचा. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासून केलेले) स्वस्त चेंडू आले आणि हा धंदा बसला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावातल्या ॲलन रॉबर्टसन या नामवंत चेंडू-कारागिराचा ठसा असेल, तर आजही भाव चढतो.

पण हिशेब करा. बोलीवर लिलावगृहाचं २५ टक्के कमिशन धरलं, तर ४,००० चा चेंडू ५,००० ला पडतो. विकताना १५ टक्के कापले, तर नुसती मुद्दल सुटायला बोली ५,९०० वर जायला हवी. दरसाल पाच टक्के भाव वाढला तरी त्याला आठ वर्षं लागतील. तिप्पट होईल म्हणणाऱ्याला विचारा, दहा वर्षांनी तो स्वतः त्या भावाने परत घेईल का? तसं लिहून देईल का?

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मात्र शेवटच्या दोन ओळींत आहे. ‘कधीतरी भारतात परत जायचंय, म्हणून कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो. त्याऐवजी नातेवाइकांकडून विमा पॉलिसी घेतली. वर्षाला दोन लाख रुपये, पंधरा वर्षं, शेवटी ४२ लाख.’

तुमचा वार्षिक पगार ४२,००० पौंड. ब्रिटनमधल्या किमान वर्गणीच्या नियमाने कंपनीच्या पेन्शनमध्ये तुमच्या खिशातून वर्षाला सुमारे १,४०० पौंड गेले असते. करसवलत आणि मालकाचा वाटा धरून खात्यात २,८०० च्या वर जमा झाले असते. पहिल्याच दिवशी दुप्पट! आणि चार वर्षं तुम्ही हे नाकारलंत. भारतात परतलात तरी ते पैसे तुमचेच राहतात, फक्त ठरलेल्या वयापर्यंत काढता येत नाहीत. हे वय सध्या ५५ आहे, २०२८ पासून ५७.

पॉलिसीत ३० लाख भरून ४२ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास. हा बचतीचा मार्ग नव्हे, आणि विमा म्हणूनही तोकडाच. ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली गेली आहे. नातं सांभाळायला इतका महाग हप्ता भरायची काही गरज नाही. दोन हप्ते गेले ते गेले. उरलेल्या २६ लाखांचं बघा. आज बंद केली तर हाती किती येईल, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. घरचे तुमच्या पगारावर अवलंबून असतील, तर आधी साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, मगच ही बंद करा.

उद्याच पगार विभागाला मेल करा: मला पेन्शन योजनेत पुन्हा घ्या. त्यांना नाही म्हणता येत नाही. या लिलावात बोली लावू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग हौसेने चेंडू घ्या, ठसा आणि मूळ मालकीची कागदपत्रं तपासून. तोवर सेंट अँड्र्यूजच्या संग्रहालयात असे चेंडू जवळून बघता येतात.