रिपीटर डिजिटल करण्याआधी त्याचे कान तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) क्लबचा दोन मीटरच्या पट्ट्यावरचा जुना एफएम रिपीटर, म्हणजे क्षीण सिग्नल ऐकून जोरात पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, डोंगरावर आहे. तो सगळीकडे खणखणीत ऐकू येतो, पण हँडीवरून (हातातल्या छोट्या रेडिओ सेटवरून) बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. वर्गणीतून सव्वा लाख जमलेत, तर डिजिटल रिपीटर घ्यावा का?

माझ्या मते आत्ता नको. मी आमच्या क्लबचा रिपीटर नऊ वर्षं सांभाळतोय आणि नेमकी हीच चूक आम्ही केली होती. नवा डिजिटल रिपीटर आणून जुन्याच डुप्लेक्सरला (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरला) आणि जुन्याच केबलला जोडला. हँडीवाले होते तिथेच राहिले. आधी त्यांचा आवाज खरखरीत का होईना, कळायचा. डिजिटलवर तो मध्येच तुटून नाहीसा व्हायला लागला.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणावरून दोष ऐकण्याच्या बाजूला दिसतो. आपल्याकडे दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. रिपीटर एका फ्रीक्वेन्सीवर बोलतो आणि त्याच क्षणी, त्याच अँटेनावरून, ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतो. एकीकडे स्वतःचे २५ वॉट, दुसरीकडे हँडीचा ०.२ मायक्रोव्होल्टचा क्षीण सिग्नल. दोन्हींत सुमारे १६५ डेसिबलचा फरक. हे दोघं एकाच केबलवर नांदतात ते डुप्लेक्सरच्या कॅव्हिटींमुळे, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेल्या धातूच्या डब्यांमुळे. त्यातली एक जरी ट्यूनिंगवरून सरकली, तरी ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो आणि रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. यालाच आपण डीसेन्स म्हणतो. ट्रान्समीटरची पॉवर वाढवून हा दोष कधीच जात नाही, उलट वाढतो.

तपासायला दोघं पुरेत. एकाने लांब जाऊन हँडीवरून बोलत राहायचं, इतकं लांब की शब्द जेमतेम कळावेत. दुसऱ्याने वर बसून रिसीव्हरचा आवाज थेट स्पीकरवर ऐकायचा, आधी ट्रान्समीटर बंद ठेवून, मग चालू करून. चालू केल्यावर शब्द खरखरीत बुडाले तर डीसेन्स नक्की. मग अँटेनाच्या जागी डमी लोड (सिग्नल बाहेर न सोडता पॉवर जिरवणारा रोध) लावा, कपलरमधून, म्हणजे केबलमध्ये थोडासाच सिग्नल सोडणाऱ्या जोडातून, सिग्नल जनरेटरचा बारीक सिग्नल द्या आणि पुन्हा तेच करा. डमी लोडवरही बुडत असेल तर आधी डुप्लेक्सरकडे बघा. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर खराब असेल, तर दोष केबलमध्ये, अँटेनात किंवा टॉवरच्या गंजक्या बोल्टांत शोधा. आमच्याकडे अँटेनाच्या क्लॅम्पचा एक बोल्ट गंजला होता. तो सापडायला दोन हिवाळे गेले.

डुप्लेक्सर ट्यून करायला नॅनोव्हीएनए हा छोटा, स्वस्त अ‍ॅनालायझर उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. साधारण ७० डेसिबलच्या खाली त्याला स्वतःचाच गोंगाट दिसतो आणि आपल्याला नॉच (नको ती फ्रीक्वेन्सी दाबणारी खाच) हवी असते ८०-९० डेसिबल खोल. शेवटचा हात फिरवताना कुणाकडून तरी चांगला अ‍ॅनालायझर मागून आणा.

केबलवर हात आखडता घेऊ नका. ३० मीटर आरजी-२१३ या नेहमीच्या कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये या पट्ट्यावर पावणेतीन डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे हँडीचा जवळजवळ निम्मा सिग्नल वाटेतच संपतो. अर्धा इंची हेलियॅक्स या जाड, अखंड तांब्याच्या आवरणाच्या केबलमध्ये हेच नुकसान एका डेसिबलच्या आत राहतं. एलएमआर-४०० या केबलचे आकडे चांगले आहेत, तरी रिपीटरला ती लावू नका. तिच्यातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि वरची कथील चढवलेली जाळी एकमेकांवर घासून डुप्लेक्समध्ये, म्हणजे बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं तेव्हा, गोंगाट तयार करतात. एका वेळी नुसतं बोलायचं किंवा नुसतं ऐकायचं असेल तर ती उत्तम, इथे नाही. कनेक्टरवरची टेप खालून वर गुंडाळत न्या, कौलं चढवतात तशी, म्हणजे सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी आत न शिरता निथळून जातं. टॉवरला केबल दर मीटरला बांधा; आमच्याकडे वानरं तिला लोंबकळतात.

अर्थिंगला काळ्या कातळात रॉड जात नाही. आम्ही तांब्याच्या पट्ट्या कातळावरून चारी बाजूंना पसरल्या, मातीच्या खोलगट जागी बेंटोनाइट भरलं आणि सगळी अर्थिंग एकाच बिंदूला जोडली.

बॅटरीचा हिशेब करून पाहा. रिपीटर नुसता ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना सहा अँपिअर घेतो आणि दिवसाच्या दहाव्या हिश्शाइतका वेळ बोलतो असं धरलं, तर रोजचे २५ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर, ती पार रिकामी न करता, तीन दिवस निघतात. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणून तिच्यावर दोनच. जुलैत वीज गेली की घाटात तिसरा दिवसच महत्त्वाचा असतो.

डिजिटलला माझा विरोध नाही. डीएमआर ही डिजिटल पद्धत साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलमध्ये दोन संभाषणं चालवते, हा खरा फायदा आहे. पण तुमच्या किती सदस्यांकडे तसा सेट आहे ते आधी मोजा. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून निघालेल्या माणसाच्या हातात बहुधा साधा एफएम हँडीच असेल, आणि त्याला रिपीटर उघडता यायलाच हवा. म्हणून पुढे यंत्र घ्याल तेव्हा एफएम कायम ठेवणारं, दोन्ही चालवणारं घ्या. इंटरनेटवरून जोडणी करायची असेल तर आधी डब्ल्यूपीसीच्या (बिनतारी परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या) परवान्यातल्या अटी वाचा.

सभेत कुणी २००४ च्या त्सुनामीचं उदाहरण देईल. तेव्हा अंदमानातून हॅम भारती प्रसाद यांनी केलेलं काम फार मोठं होतं, पण ते एचएफवर (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर) झालं, मुख्य भूमीशी. रिपीटर आपल्या तालुक्यासाठी, खोऱ्यासाठी असतो. तिथे पाच वॉटचा हँडी पोचतो का, एवढंच बघा.

आणि रोज ठरलेल्या वेळी नेट, म्हणजे रिपीटरवर सगळ्यांची हजेरी, चालवा. आमच्या रिपीटरचं बहिरेपण पहिल्यांदा एका सत्तरी उलटलेल्या सदस्यांच्या लक्षात आलं, कारण ते रोज रात्री आठला त्याच खिडकीतून हजेरी द्यायचे.

डमी लोडची चाचणी मेअखेर उरकून घ्या, जूननंतर वर चढणं कठीण. काय दिसलं ते इथे लिहा. कॅव्हिटींचा आलेख टाकलात तर बघून सांगतो.