मेडिक्लेम असला तरी पालिकेचं रुग्णालय चांगलं हवंच

तुम्ही विचारलंय की, घणसोलीत राहतो, कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, मग सगळ्यांच्या मोफत उपचारांसाठी माझ्या कराचा पैसा कशाला? ज्याने त्याने पैसे भरून खासगीत जावं की.

मला हे पटत नाही. सरकारी व्यवस्था सगळ्यांसाठी हवी आणि तिची गरज तुम्हालाही आहे. मी नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात बिलिंगला होतो, तिथे जे रोज बघत होतो त्यावरून सांगतो.

बऱ्याच खासगी रुग्णालयांत ऑपरेशनचा दर खोलीवर ठरतो. सर्जन तोच, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर तेच. पण जनरल वॉर्डऐवजी सिंगल रूम घेतली की सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, सगळंच वर जातं. आता पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा दिवसाला ५ हजार आहे आणि तुम्ही ८ हजारांची खोली घेतलीत, तर वरचे ३ हजार भरून सुटका होईल असं वाटतं ना? तसं होत नाही. अशा पॉलिसींत खोलीशी जोडलेले चार्जेसही त्याच प्रमाणात कापले जातात. म्हणजे असे चार्जेस २ लाख झाले, तर त्यातले ७५ हजार तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, एवढंच. नातेवाइकांना हे कळतं डिस्चार्जच्या दिवशी, टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, शेवटचं अप्रूव्हल आल्यावर. एक काका बिलाचे कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होते आणि फोनवर मुलाला म्हणत होते, "अरे, कॅशलेस आहे म्हणालास ना?" म्हणून भरती करतानाच खोलीनुसार एस्टिमेट लेखी मागा.

शिवाय कंपनीचा मेडिक्लेम नोकरी आहे तोवरच. मोठ्या आजारपणात आधी नोकरीच जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की, असं कुणी म्हणेल. योजना चांगलीच आहे. ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे. पण ते भरती झाल्यावर, यादीतल्या उपचारांसाठी. शुगर-बीपीच्या दर महिन्याच्या गोळ्या, ओपीडीची फी, पावसाळ्यातल्या तापाच्या रक्ततपासण्या त्यात बसत नाहीत. घराचं बजेट कोलमडतं ते या खर्चांनी. तिथे उपयोगी पडतो तो जवळचा नागरी आरोग्य केंद्राचा दवाखाना, औषधांसकट चालू असलेला.

सरकारी रुग्णालयांची अवस्था बघा ना, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यातले काही फार उशिरा, अत्यवस्थ होऊन आले होते, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. या एका रुग्णालयावर ठाणे शहराचाच नाही, शहापूर-मुरबाडपासून पालघरपर्यंतचा भार असतो. यावरून सरकारी रुग्णालयं बंद करा असा निष्कर्ष काढणं मला क्रूर वाटतं. त्या पेशंटना दुसरं दार कुठलं होतं?

ब्रिटनने १९४८ साली करातून सगळ्यांना उपचार द्यायला सुरुवात केली. तिथे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, तक्रारी भरपूर आहेत. पण इमर्जन्सीत आलेल्याला कुणी आधी डिपॉझिट भरा म्हणत नाही.

आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातसुद्धा, केंद्र आणि राज्यं मिळून तो १.८४ टक्के होता. तुमच्या कराचा पैसा इथे जास्त लागतोय असं नाही, तो कमी पडतोय. आणि आहे त्यातूनही नव्या इमारतींच्या आधी नर्स, टेक्निशियन आणि भूलतज्ज्ञांची कायम पदं भरावीत, "हे बाहेरून आणा" ही चिठ्ठी बंद व्हावी. वाशीच्या पालिका रुग्णालयात हे नीट जमलं, तर खासगीवाल्यांनाही दर लावताना विचार करावा लागेल, कारण पेशंटला उठून तिकडे जाता येईल.